बेटाचे तिकीट काढण्याआधीचा हिशेब

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

सुटीच्या तोंडावर वृत्तपत्रांच्या पुरवण्यांत परदेश सहलींच्या जाहिराती सुरू होतात. अलीकडे त्यांत माल्टा, सिसिली, क्रीट अशी भूमध्य समुद्रातली बेटे दिसू लागली आहेत. याचा आम्हाला आनंदच आहे. सांगली-साताऱ्याच्या माणसाने युरोप म्हणजे पॅरिस आणि स्वित्झर्लंड एवढेच का धरावे? मात्र जाहिरातीत मोठ्या अक्षरांत छापलेले भाडे मुंबईपासूनचे असते. त्यात बहुधा सामान धरलेले नसते, व्हिसा नसतो, आणि शेवटचा समुद्र कसा ओलांडायचा याचा तर पत्ताच नसतो. आम्ही या दोन जिल्ह्यांतल्या लोकांना अशा प्रवासाची आखणी करून देतो. म्हणून जरा सविस्तर लिहीत आहोत. जागा जास्त लागेल, पण शक्य असल्यास काटछाट न करता छापावे ही विनंती.

पैसे वाचतात ते निर्णयांच्या क्रमात. बहुतेक घरांत आधी स्वस्त दिसलेले तिकीट काढले जाते, मग व्हिसाच्या मागे लागतात, आणि मुंबई कशी गाठायची हे शेवटच्या आठवड्यात ठरते. हा क्रम उलटा करावा. आधी व्हिसा कोणत्या देशाचा ते ठरवावे, मग युरोपात कोणत्या शहरात उतरायचे ते, मग तिथून बेटावर विमानाने की बोटीने ते. परत न मिळणारे पैसे भरण्याची वेळ सगळ्यात शेवटी यावी.

माल्टा हा स्वतंत्र देश आहे. सिसिली आणि सार्डिनिया इटलीत, कॉर्सिका फ्रान्समध्ये, मायोर्का स्पेनमध्ये, क्रीट आणि ऱ्होड्स ग्रीसमध्ये येतात. या सगळ्यांना शेंगेन व्हिसा चालतो, म्हणजे युरोपातल्या बहुतेक देशांच्या सामायिक क्षेत्रात फिरू देणारा एकच व्हिसा. माल्टासुद्धा डिसेंबर 2007 पासून त्या क्षेत्रात आहे. सायप्रसचे नियम वेगळे राहिले आहेत, तेव्हा पहिल्याच खेपेला सायप्रस आणि दुसरे बेट एकत्र बांधू नये. आणखी एक खड्डा इथेच सांगतो. व्हिसा एकदाच प्रवेशाचा असेल तर शेंगेनबाहेर पाऊल टाकले की तो संपला. पालेर्मोहून ट्युनिसला बोट जाते, ऱ्होड्सहून तुर्कस्तानातल्या मार्मारिसला आणि कोस या ग्रीक बेटावरून तुर्कस्तानातल्याच बोड्रुमला जाते. दिवसभराची सहल म्हणून गेलेला माणूस संध्याकाळी परत येऊ शकत नाही. तुर्कस्तानातून ग्रीक बेटांवर धक्क्यावरच व्हिसा मिळतो असे काही ठिकाणी वाचायला मिळते; ती सवलत तुर्की नागरिक आणि त्यांच्या कुटुंबीयांसाठी आहे, भारतीय पासपोर्टला लागू नाही.

अर्ज कोणत्या देशाकडे करायचा याचा नियम सरळ आहे. ज्या देशात जास्त दिवस मुक्काम, त्याच्याकडे. माल्टात पाच रात्री आणि सिसिलीत तीन, तर माल्टाकडे. दोन्हीकडे सारखे दिवस असतील तर जिथे पहिला प्रवेश, त्या देशाकडे. अमुक देशाचा व्हिसा लवकर मिळतो म्हणून त्याच्याकडे अर्ज करायचा आणि मुक्काम मात्र दुसरीकडे करायचा, असला सल्ला कुणी दिला तर ऐकू नये. विमानतळावर हॉटेलच्या पावत्या मागितल्या तर उत्तर देता येत नाही आणि पुढच्या अर्जालाही ते नडते.

मुदतीही ध्यानात ठेवाव्यात. अर्ज प्रवासाच्या जास्तीत जास्त 6 महिने आधी करता येतो, आणि निदान 15 दिवस आधी करावाच लागतो. निर्णयाला साधारण 15 दिवस धरतात, पण कागद जास्त तपासायचे ठरवले तर 45 दिवसांपर्यंत लागू शकतात. मे महिन्याचा प्रवास असेल तर भेटीच्या वेळा मार्चमध्येच भरून जातात, म्हणून जानेवारीत कागद गोळा करायला बसावे. शुल्क जून 2024 पासून प्रौढांना 90 युरो आणि 6 ते 12 वर्षांच्या मुलांना 45 युरो आहे. सहा वर्षांखालच्या मुलांना माफ. म्हणजे आईवडील आणि दहा वर्षांचे एक मूल मिळून 225 युरो. युरो शंभर रुपयांच्या घरात धरला तर साडेबावीस हजार, आणि त्यावर अर्ज केंद्राचे सेवाशुल्क वेगळे. व्हिसा नाकारला तर हे पैसे परत येत नाहीत. पासपोर्ट परतीच्या तारखेनंतर निदान 3 महिने चालणारा, गेल्या 10 वर्षांत काढलेला आणि दोन कोरी पाने असलेला हवा. विमा किमान 30,000 युरोंचा आणि सगळ्या शेंगेन देशांत चालणारा लागतो.

आता खरा नाजूक भाग. आपल्याकडचे अर्ज अडकतात ते बहुधा पैसे नसल्यामुळे नव्हे. असलेल्या पैशाचा माग कागदावर दिसत नाही म्हणून अडकतात. नोकरदाराचे सोपे आहे: पगाराच्या पावत्या, रजेचे पत्र, आयकर विवरणपत्रे, बँकेचा उतारा. शेतकऱ्याचे तसे नसते. शेतीचे उत्पन्न करमुक्त, त्यामुळे विवरणपत्रात आकडा किरकोळ दिसतो. उसाचे बिल कारखान्याकडून हप्त्यांत, पण एकेका रकमेने जमा होते. बेदाण्याची पट्टी तासगाव किंवा सांगलीच्या बाजारातून वर्षातून एक-दोनदाच येते, हळदीचेही तसेच. वाळवा किंवा कराड तालुका म्हणजे काय हे ठाऊक नसलेला अधिकारी खात्याचा उतारा बघतो, तेव्हा त्याला इतकेच दिसते की वर्षभर खात्यात फारसे काही नव्हते आणि अर्जाआधी दोन महिने एकदम चार लाख आले. उसने पैसे दाखवायला आणून टाकले असा त्याचा समज होतो, आणि नकाराच्या छापील पत्रकावर मुक्कामासाठी पुरेसे साधन सिद्ध झाले नाही या कारणापुढे खूण पडते.

यावर उपाय म्हणजे प्रत्येक मोठ्या रकमेला तिचा कागद जोडणे. उसाच्या बिलाला कारखान्याची पावती, बेदाण्याला अडत्याची पट्टी, दुधाला संघाची दहा-दहा दिवसांची बिले. दुधाची बिले अनेक जण क्षुल्लक समजून सोडून देतात. वास्तविक वर्षभर नियमित उत्पन्न दाखवणारा शेतकऱ्याकडचा तोच सर्वांत चांगला कागद आहे. सोबत सातबारा आणि आठ-अ. हे सगळे मराठीत असते, म्हणून प्रत्येकाचे इंग्रजी भाषांतर मूळ कागदाच्या मागे लावावे. वर एक पानी पत्र ठेवावे आणि त्यात महिन्यानुसार लिहावे की पीक कोणते, कधी तोडले, पैसे कोणत्या तारखेला कोणत्या खात्यात आले. सनदी लेखापालाचा उत्पन्नाचा दाखला जोडला तर उत्तमच. खाते जिल्हा बँकेत असेल तर हाताने भरलेले पासबुक देऊ नये. शाखेतून सहा महिन्यांचा छापील उतारा घ्यावा, त्यावर शिक्का आणि सही घ्यावी. पतसंस्थेतली ठेव ही जोड म्हणून ठीक आहे, पण तिच्यावर सगळा अर्ज उभा करू नये. अर्ज करायच्या आठवड्यात भावाकडून दोन लाख खात्यात घेणे ही तर सगळ्यात वाईट गोष्ट. कमी शिल्लक असलेले खरे खाते त्यापेक्षा बरे. परत येण्याची कारणेही कागदावर दिसावीत: जमीन, दुकानाचा परवाना, मुलांच्या शाळेचा दाखला.

विटा, खानापूर, आटपाडी भागातल्या गलाई (सोने-चांदी गाळण्याच्या) व्यावसायिकांसाठी एक वेगळी सूचना. त्यांचे घर इथे आणि दुकान केरळात, तमिळनाडूत किंवा उत्तरेकडे असते. अर्ज राहत्या पत्त्याच्या राज्यानुसार त्या-त्या वकिलातीच्या कक्षेत करावा लागतो. पासपोर्टवर विट्याचा पत्ता आणि व्यवसायाचे सगळे कागद त्रिशूरचे, असे असेल तर कोणता पत्ता राहता हे आधी ठरवून त्याचा पुरावा जोडावा. नाहीतर बोटांचे ठसे द्यायला हजारभर किलोमीटर जाऊन तसेच परत यायची वेळ येते. दिलेले ठसे 59 महिने चालतात, त्यामुळे दुसऱ्या खेपेला सहसा पुन्हा द्यावे लागत नाहीत. भारतीयांसाठी एप्रिल 2024 पासून आणखी एक सोय झाली आहे: तीन वर्षांत दोन व्हिसे मिळवून नियमाप्रमाणे वापरले असतील, तर पुढचा व्हिसा दोन वर्षांचा आणि अनेक प्रवेशांचा मिळू शकतो. म्हणून पहिल्या प्रवासात मुदत आणि मुक्काम काटेकोर पाळण्याला पुढे किंमत आहे.

व्हिसा हातात येईपर्यंत विमानाचे पक्के तिकीट काढू नये. अर्जासाठी आरक्षणाचा कागद आणि रद्द करता येणारी हॉटेल नोंदणी पुरते. तिकिटावरचे नाव पासपोर्टमधल्यासारखेच हवे. आपल्याकडे स्वतःचे नाव, वडिलांचे किंवा पतीचे नाव आणि आडनाव अशी तीन नावे लावतात. पासपोर्टमध्ये मधले नाव कोणत्या रकान्यात गेले आहे ते पाहून अगदी तसेच तिकिटावर घालावे. लग्नानंतर आधारवर नाव बदलले आणि पासपोर्टवर जुनेच राहिले असेल तर तिकीट, व्हिसा, विमा सगळे पासपोर्टच्या नावानेच काढावे.

विमानाचा विचार करताना एक प्रश्न सतत समोर ठेवावा: युरोपातल्या प्रवेशाची तपासणी कुठे होणार? मुंबईहून रोम किंवा फ्रँकफर्टमार्गे बेटावर गेलात तर प्रवेशाची तपासणी त्या मधल्या विमानतळावरच होते. ऑक्टोबर 2025 पासून युरोपने सीमेवर नवी नोंदणी पद्धत टप्प्याटप्प्याने सुरू केली. चेहऱ्याचा फोटो आणि बोटांचे ठसे घेतात, त्यामुळे रांगा लांबल्या. तिथे दीड तासाची जोडणी म्हणजे अडचणीला आमंत्रण; तीन तास ठेवावेत. आखातातून किंवा इस्तंबूलहून थेट माल्टाला उतरणारे विमान घेतले तर ही तपासणी प्रवासाच्या शेवटी होते, रांग कितीही लांबली तरी पुढचे विमान चुकण्याची भीती राहत नाही. दोन तिकिटांत दोन-चार हजारांचाच फरक असेल तर लहान मुले आणि वडीलधारी मंडळी बरोबर असलेल्यांनी हा दुसरा मार्ग घ्यावा.

जास्त पैसे वाया जातात ते दोन वेगळी तिकिटे जोडण्यात. मुंबई ते रोम एका कंपनीचे आणि रोम ते कातानिया दुसऱ्या, कमी भाड्याच्या कंपनीचे, असे काढले की बेरीज स्वस्त दिसते. पण पहिले विमान उशिरा पोचले तर दुसऱ्या कंपनीचा त्याच्याशी संबंध नसतो. तिकीट बुडते आणि ऐन वेळचे नवे घ्यावे लागते. सामान रोमला उतरवून घ्यायचे, बाहेर यायचे, पुन्हा द्यायचे. पहिल्या तिकिटावर 25 किंवा 30 किलो चालते, दुसऱ्यावर फुकट फक्त सीटखाली मावणारी पिशवी, साधारण 40 × 30 × 20 सेंटिमीटरची. मोठ्या बॅगेचे पैसे ऑनलाइन आधी भरले तर कमी, विमानतळावर भरले तर कितीतरी जास्त. चेक-इनही स्वतः आधी करावे लागते, नाहीतर काउंटरवर दंडासारखी रक्कम घेतात. शिवाय युरोपबाहेरचा पासपोर्ट असलेल्यांना अशा कंपन्यांच्या काउंटरवर व्हिसा तपासून घ्यावा लागतो. ते न करता थेट सुरक्षा तपासणीतून पुढे गेलेल्या प्रवाशाला गेटवरून परत पाठवतात. वेगळी तिकिटे काढायचीच असतील तर मध्ये एक रात्र ठेवावी. एका रात्रीचे हॉटेल हा त्या जोडणीचा खरा खर्च आहे, तो बेरजेत धरून मगच स्वस्त-महाग ठरवावे.

आम्ही बहुतेकांना सुचवतो तो मार्ग असा. तिकीट शोधताना जाणे-येणे न निवडता मल्टी-सिटी निवडावे: मुंबई ते माल्टा, आणि परत कातानिया ते मुंबई, दोन्ही एकाच तिकिटावर. मधला समुद्र बोटीने. माल्टातल्या वॅलेटाहून सिसिलीच्या पोत्सालोला वेगवान कॅटामरान बोट पावणेदोन तासांत जाते. दोन्ही टोके शेंगेनमध्ये असल्याने एकदाच प्रवेशाचा व्हिसा पुरतो, पण पासपोर्ट हाताशी असावा. अशाने दोन बेटे होतात आणि आलेल्या वाटेने परत जाण्याचा दिवस व भाडे वाचते. मात्र बोट आणि परतीचे विमान एकाच दिवशी ठेवू नये. समुद्र खवळला की ही बोट रद्द होते किंवा वेळ बदलते, हिवाळ्यात जास्तच.

कातानियाबद्दल एक धोका सांगायला हवा. विमानतळ एटना ज्वालामुखीच्या पायथ्याजवळच्या मैदानात आहे. राख उडाली की धावपट्टी बंद होते आणि विमाने पालेर्मोला किंवा कोमिसोला वळवतात. अशा वेळी नैसर्गिक कारण म्हणून नुकसानभरपाई मिळत नाही. पण युरोपच्या 2004 च्या 261 क्रमांकाच्या नियमाप्रमाणे, युरोपातून निघणाऱ्या कोणत्याही कंपनीच्या विमानाच्या प्रवाशाला दुसरा मार्ग किंवा पैसे परत, आणि थांबण्याच्या काळात जेवण व राहण्याची सोय मागता येते. चूक कंपनीची असेल तर अंतरानुसार 250, 400 किंवा 600 युरो भरपाई असते. मुंबईहून निघताना हा नियम युरोपीय कंपनीच्या विमानालाच लागू होतो. पैसे परत घेण्याची घाई करू नये. एकदा परतावा स्वीकारला की पुढे नेण्याची कंपनीची जबाबदारी संपते, आणि त्या दिवशीचे दुसरे तिकीट त्या पैशात मिळत नाही. कातानिया ते पालेर्मो बस पावणेतीन तासांच्या आसपास घेते, हे ध्यानात असले तर पर्याय पटकन सुचतो.

बोटीचा मार्ग आपल्या लोकांना परका वाटतो, पण रात्रीची बोट म्हणजे महालक्ष्मी एक्स्प्रेसच समजा: रात्री बसायचे, सकाळी पोचायचे, हॉटेलची एक रात्र वाचते. नेपल्स ते पालेर्मो दहा-अकरा तास. रोमचे बंदर चिविटावेक्किया, तिथून सार्डिनियाच्या ओल्बियाला रात्रीची बोट असते. अथेन्सचे बंदर पिरेअस, तिथून क्रीटच्या हेराक्लिओनला नऊ तासांच्या आसपास. बार्सिलोनाहून मायोर्काच्या पाल्माला सात-आठ तास. तिकिटाचे तीन भाव असतात. सर्वांत कमी डेकचा: आत कुठेही बसा, जागा नेमून दिलेली नाही. त्यावर पुशबॅक सीट. त्यावर केबिन, बहुधा चार पथाऱ्यांची. चौघांच्या कुटुंबाने पूर्ण केबिन घेतली तर माणशी भाडे सीटपेक्षा फार वर जात नाही, आणि अंघोळीची सोयही होते. डेकवर रात्र काढायची तर एक चादर आणि जाड स्वेटर लागतो, कारण आतला एसी कडक असतो आणि बाहेर वारा असतो. मोठ्या बॅगा खाली गाड्यांच्या मजल्यावर ठेवायला सांगतात आणि बोट सुटली की तो मजला बंद होतो. औषधे, पाणी, चार्जर, पासपोर्ट वरच्या पिशवीत आधीच काढून ठेवावेत.

सिसिलीला जायची आणखी एक वाट आहे. रोमहून पालेर्मो आणि सिराकूझाला रात्रीची रेल्वे जाते. मेसिनाची सामुद्रधुनी अरुंद भागात सुमारे 3 किलोमीटर रुंद आहे, तिच्यावर पूल नाही. विला सान जोव्हान्नीला गाडीचे डबे सुटे करून बोटीच्या पोटातल्या रुळांवर चढवतात आणि पलीकडे मेसिनाला उतरवून पुन्हा जोडतात. डब्यातून उठून डेकवर जाता येते. रोम ते पालेर्मो बारा तासांच्या आसपास लागतात, सीटपासून झोपायच्या डब्यापर्यंत सगळे प्रकार असतात आणि आधी काढलेले तिकीट बरेच स्वस्त पडते. रेल्वेवर प्रेम असलेल्या मिरजेच्या वाचकांनी हा प्रवास जरूर करावा. मार्गावर काम चालू असेल तेव्हा काही टप्पा बसने नेतात, ते आरक्षण करताना पाहून घ्यावे.

ग्रीसकडे बोटींचे जाळे दाट आहे, पण तिथल्या तीन गोष्टी सांभाळाव्या लागतात. पिरेअस बंदर मोठे आहे, धक्क्यांना ई-1 ते ई-12 असे क्रमांक आहेत आणि एका टोकापासून दुसऱ्या टोकाला सामान ओढत जाणे अर्ध्या तासाचे काम आहे. तिकिटावरचा क्रमांक आधी पाहावा. विमानतळावरून मेट्रो सरळ पिरेअसला जाते, तासभर लागतो. दुसरी गोष्ट वाऱ्याची. जुलै-ऑगस्टमध्ये एजियन समुद्रावर मेल्तेमी नावाचा उत्तरेचा वारा सुटतो. तो ठरावीक वेगापुढे गेला की बंदर अधिकारी बोटी सोडत नाहीत. लहान, वेगवान बोटी आधी थांबतात, मोठी जहाजे नंतर. वेगवान बोटीचे भाडे साध्या जहाजाच्या जवळजवळ दुप्पट असते. त्यामुळे सांतोरिनीला जाताना दोन-तीन तास वाचवण्यासाठी जास्त पैसे देऊन रद्द होण्याची शक्यताही वाढवून घेणे आम्हाला पटत नाही. बंदीमुळे बोट रद्द झाली तर पैसे परत किंवा पुढची बोट मिळते, पण हॉटेल आणि विमान तुमचे तुम्हाला सांभाळायचे असते. म्हणून बेट आधी, अथेन्स शेवटी, असा कार्यक्रम ठेवावा आणि परतीच्या विमानाआधीची रात्र अथेन्समध्ये काढावी. तिसरी गोष्ट संपाची. 1 मे रोजी, आपल्याकडे महाराष्ट्र दिनाची सुटी असते तेव्हा, ग्रीसमध्ये खलाशांच्या संपामुळे बोटी बहुधा बंदरातच उभ्या असतात.

ऑनलाइन तिकीट काढताना रहिवासी सवलतीची खूण चुकून निवडू नये. मायोर्काच्या रहिवाशांना स्पेनमधल्या विमानभाड्यात 75 टक्के सवलत असते, सार्डिनियाच्या लोकांनाही वेगळे दर आहेत. स्वस्त दिसले म्हणून तो पर्याय घेतला तर चढताना रहिवासाचा पुरावा मागतात आणि तिकीट वाया जाते.

महिना निवडण्याबद्दल थोडक्यात. जुलै-ऑगस्ट सर्वांत महाग, आणि त्यातही 15 ऑगस्टचा आठवडा. आपण जोडून सुटी घेतो त्याच दिवशी इटलीत सगळा देश समुद्राकडे निघतो. शाळेच्या सुटीतला मेचा पहिला पंधरवडा आमच्या मते सर्वांत सोयीचा: हवा छान, भाडी मध्यम, बोटी बऱ्यापैकी सुरू. दिवाळी ऑक्टोबरात आली तर समुद्राचे पाणीही उबदार असते. अधिक मासाच्या वर्षी ती नोव्हेंबरात जाते, तेव्हा पाऊस लागतो आणि बोटींच्या फेऱ्या कमी झालेल्या असतात.

मुंबई गाठण्याचा खर्च आणि धोका आपण नेहमी कमी धरतो. सांगली-मिरजेहून रात्रीची गाडी सकाळी मुंबईत पोचवते, म्हणून विमान दुपारनंतरचे पाहावे. पहाटेचे विमान असेल तर आदल्या संध्याकाळीच मुंबईत असावे. रस्त्याने जाताना खंबाटकी, पुण्याचा बाह्यवळण रस्ता आणि खंडाळ्याचा घाट, तिन्ही ठिकाणी कोंडी होऊ शकते. पावसाळ्यात जास्तीचा पूर्ण अर्धा दिवस ठेवावा. जुलै 2019 मध्ये वांगणीजवळ पुराच्या पाण्यात महालक्ष्मी एक्स्प्रेस अडकून शेकडो प्रवाशांना सोडवावे लागले होते, ते अनेकांना आठवत असेल. चौघांची गाडी भाड्याने करून गेलात तर तो खर्च एका माणसाच्या बोटीच्या केबिनपेक्षा जास्त होतो, हेही लिहून ठेवावे.

पैशांचे दोन-तीन बारीक मुद्दे. तिकडे कार्ड वापरताना यंत्र रुपयांत की युरोत असे विचारते. नेहमी युरो निवडावे, रुपयांचा दर वाईट असतो. आपल्या साध्या क्रेडिट कार्डावर परकी चलनाचा अधिभार तीन-साडेतीन टक्क्यांपर्यंत आणि त्यावर जीएसटी लागतो, त्यापेक्षा फॉरेक्स कार्ड, म्हणजे आधीच परकी चलन भरून ठेवलेले कार्ड, सोयीचे. पूर्ण परदेशी टूर पॅकेज घेतले तर त्यावर टीसीएस, म्हणजे विक्रेत्याने पैसे घेतानाच गोळा करायचा आयकर, कापतात. तो विवरणपत्रात समायोजित होतो, पण तोवर पैसे अडकतात. नुसते विमान तिकीट किंवा नुसते हॉटेल घेतले तर ते पॅकेज धरले जात नाही.

बेटावर गाडी चालवायची असेल तर निघण्यापूर्वी आपल्या आरटीओतून आंतरराष्ट्रीय परवाना काढावा, शुल्क हजार रुपये, मुदत एक वर्ष. माल्टात आपल्यासारखेच डाव्या बाजूने चालवतात, सिसिलीत आणि क्रीटमध्ये उजव्या. गाडी देणाऱ्या कंपन्या अनामत म्हणून चालकाच्याच नावाचे क्रेडिट कार्ड मागतात, डेबिट कार्ड अनेकदा चालत नाही. इटलीतल्या जुन्या गावठाणांत बाहेरच्या गाड्यांना बंदी असलेले भाग असतात. तिथे कॅमेरा फोटो घेतो आणि दंडाचा कागद महिन्यांनी घरी येतो. माल्टात तर गाडीची गरजच नाही. बसचे तिकीट उन्हाळ्यात अडीच युरो, हिवाळ्यात दोन, आणि ते दोन तास चालते. शेजारच्या गोझो बेटाची बोट पंचवीस मिनिटांची, भाडे फक्त गोझोहून परत येताना घेतात. माल्टात प्लगची भोके ब्रिटनसारखी तीन चौकोनी पिनांची आहेत, इटली-ग्रीसमध्ये गोल; दोन्ही बेटे करणाऱ्यांनी अॅडॉप्टर तसा घ्यावा.

खाण्याचे सामान नेताना एक नियम पाळावा. युरोपात बाहेरून मांस आणि दुग्धजन्य पदार्थ खासगी सामानातून नेण्यास बंदी आहे. साताऱ्याचे कंदी पेढे, घरचे तूप, बर्फी घरीच ठेवावे. भडंग, बेदाणा, शेंगदाण्याची चटणी, मेतकूट खुशाल न्यावे. शाकाहारी माणूस सिसिलीत उपाशी राहत नाही: हरभऱ्याच्या पिठाची तळलेली पानेल्ले, वांग्याची कापोनाता मिळते. माल्टात वाटाण्याची पास्तिझी स्वस्त आणि पोटभर. भाताच्या गोळ्यांत, ज्यांना आरांचिनी म्हणतात, आत खिमा असतो का ते विचारूनच घ्यावे.

संपादक महोदय, आपल्याकडून दोन अपेक्षा आहेत. बेटांच्या सहलीचा लेख किंवा जाहिरात छापताना भाड्यासोबत सामानाचे वजन, व्हिसाचा खर्च, बेटापर्यंतच्या शेवटच्या टप्प्याचे भाडे आणि सांगली किंवा साताऱ्यापासून मुंबईपर्यंतचा खर्च असे चार आकडे द्यायला लावावेत. आणि बोटींचे वेळापत्रक छापाल तेव्हा त्याखाली ते कोणत्या तारखेला तपासले ते लिहावे, कारण उन्हाळी आणि हिवाळी वेळापत्रके वेगळी असतात आणि हिवाळ्याचे पाहून उन्हाळ्याचा प्रवास आखणारे लोक आमच्याकडे दरवर्षी येतात.

कळावे,
आपले नम्र,
प्रवासाची आखणी करणारे काही सहकारी, सांगली-मिरज